दीड ते साडेतीन

"मनहरकाका, झोपलात का?"

दारात भरत उभा होता. बगलेत पेढ्यांचा पत्र्याचा डबा, गळ्यात घामाने भिजलेला रुमाल. घड्याळात पावणेदोन वाजले होते. राजकोटमध्ये दुपारी पावणेदोनला कोणी कोणाचं दार वाजवत नाही. वाजवलंच तर समजायचं की एक तर कुठे आग लागलीय, नाही तर कोणी गेलंय.

"जागाच आहे. ये."

"मला वाटलंच. वरचे सगळे सांगतात, मनहरकाकांनी दुपारची झोप सोडली म्हणून. काका, बाहेर कुठं बोलू नका हं. गावाबाहेर काढतील तुम्हाला."

मी हसलो. हसण्यासारखंच होतं ते. या सहा मजली सरकारी इमारतीत मी एकतीस वर्षं वायरमन आहे आणि त्यातली एकोणतीस वर्षं मी या जिन्याखालच्या खोलीत, मीटरच्या बोर्डांशेजारी खाट टाकून, दीड ते साडेतीन घोरत आलो. शेवटची दोन वर्षं नुसता पडून असतो. वर पंखा फिरतो आणि मी त्याची पाती मोजत राहतो.

भरत छकडा रिक्षा चालवतो. त्याची बा, म्हणजे आई, रळियातबेन आमच्या इमारतीत पाणी भरायची. बावीस वर्षं भरलं तिनं. त्यानं डबा माझ्या खाटेवर ठेवला.

"बानं पाठवलाय. म्हणाली, मनहरच्या सुनेला दे, तिला मोतीकामाची हौस आहे. माझ्या काय उपयोगाचं आता?"

मी झाकण उघडलं. आत रंगारंगाच्या मोत्यांच्या चिंध्यांतल्या पुरचुंड्या, फ्लॅनेलच्या तुकड्यात टोचलेल्या केसासारख्या बारीक सुया, आणि सगळ्यात खाली एक तोरण. सात पानांचं. चार पानं पुरी झालेली, पाचवं अर्धं. अर्ध्या पानाला सुई तशीच लोंबत होती, दोऱ्यासकट.

"हे तुझ्या हेतलच्या लग्नाचं ना रे?"

"हो ना. पोरीचं लग्न होऊन वर्ष झालं. दारावर बाजारातलं तोरण लावलं आम्ही." भरत पंख्याखाली सरकला. "गेल्या आठवड्यात बाला परत डॉक्टरकडे नेलं. हा तिसरा. तो म्हणतो, म्हातारीचे डोळे माझ्यापेक्षा बरे आहेत, घेऊन जा घरी. पण बाला कोण सांगणार? म्हणते, डॉक्टर त्या दिवशी जिन्यात होता का? भर दुपारी डोळ्यांपुढे काळोख झाला तो मी बघितला. परत होईल, आणि या खेपेला हाताऐवजी डोकं फुटेल. काका, ओट्याच्या दोन पायऱ्या उतरत नाही ती. न्हाणीतसुद्धा माझ्या बायकोचा हात धरून जाते. दोन वर्षं झाली."

मी डोळे मिटून घेतले. त्याला वाटलं मला झोप येतेय. "पडा तुम्ही," म्हणाला आणि गेला.

मी त्या लोंबणाऱ्या सुईकडे बघत राहिलो. काळोख रळियातबेनच्या डोळ्यांपुढे झालाच नव्हता. तो जिन्यात झाला होता. आणि तो मी केला होता.

*

कृपाली मांकड नावाच्या इंजिनीअर मॅडम तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे बदलून आल्या. वय तिशीच्या आतबाहेर, पायात कापडी बूट, हातात कायम एक तापमान मोजायचं यंत्र. आल्या त्या दिवशी त्यांनी ते गच्चीवर टेकवलं, मग सहाव्या मजल्याच्या छताला टेकवलं आणि म्हणाल्या, "मनहरभाई, ही इमारत नाही, तवा आहे. आपण तव्याखाली बसून वर एसी लावतोय."

सरकारचं नवं फर्मान आलं होतं. जुन्या सरकारी इमारती पाडायच्या नाहीत, त्यांनाच शहाणं करायचं. वर्षभरात ज्या इमारतीची वीज तीस टक्क्यांनी उतरेल तिला गांधीनगरला बक्षीस. मी असली फर्मानं पुष्कळ पाहिली आहेत, पण मॅडम रोज सकाळी आठला हजर. मोरबीच्या कारखान्यांतून फुटक्या पांढऱ्या लाद्यांचे ट्रक आणले आणि सगळ्या गच्चीवर तुकडे बसवून घेतले. ट्यूबलाइट गेल्या, नवे दिवे आले. जुने घरघरणारे पंखे गेले, कमी विजेचे आले. त्यांचा आवाजच येत नसे, त्यामुळे हिशेब शाखेतले जोबनपुत्राभाई रोज मला विचारायचे, "मनहरभाई, हा पंखा फिरतोय की ध्यानाला बसलाय?"

खोटं कशाला बोलू, मला त्या कामाचा नाद लागला. आयुष्यभर मी फ्यूज बदलले. कोणी मला विचारलं नव्हतं की मनहर, यात काय सुधारता येईल? मॅडम विचारायच्या. माझ्या खोलीत खाटेवर बसून, गाठिया आणि तळलेली मिरची खात, कागदावर सगळ्या इमारतीच्या तारा काढायच्या. मी सांगेन तिथे खूण करायच्या. महिन्याच्या महिन्याला मीटर वाचून मी त्यांना आकडा सांगायचो आणि आम्ही दोघं पोरांसारखे खूश व्हायचो.

जिना पश्चिमेला होता. तळापासून सहाव्या मजल्यापर्यंत सिमेंटची जाळीच जाळी. दुपारनंतर तिच्यातून ऊन असं आत घुसायचं की मजल्यामजल्यावरचे व्हरांडे तापायचे. मॅडमनी ती पोकळ विटांनी बुजवून टाकली. व्हरांडे निवले. पण जिना मात्र भर दिवसा कोठीसारखा काळा झाला, म्हणून तिथे दिवसभर दिवे लावून ठेवावे लागले. आपोआप लागणारे दिवे मागवले होते. ते यायला दीड महिना होता आणि वर्ष संपायला एक.

आकडा अठ्ठावीसवर अडकला.

"दोनच टक्के, मनहरभाई," मॅडम डोकं धरून बसल्या होत्या. जोबनपुत्राभाई होते, आणखी दोघं होते. "कुठून काढू?"

मलाच सुचलं. दीड ते साडेतीन आमची इमारत झोपते. कागदावर जेवणाची सुटी अर्धा तास आहे, पण कागद राजकोटात राहत नाही. टेबलावर डोकी, डोक्याखाली फायली, बाकावर शिपाई. कामाला आलेल्या लोकांचंही काही म्हणणं नसतं, कारण तेही घरी झोपलेले असतात. मग तेवढा वेळ व्हरांडे, खालचा मोठा हॉल, जिना, सगळे सामाईक दिवे आणि यंत्रं घड्याळानं बंद ठेवली तर? दीडला खटका पडेल, साडेतीनला उठेल.

मॅडमचे डोळे चमकले. मग त्यांनी विचारलं, अगदी सरळ विचारलं, "पण त्या वेळात जिन्यात कोणी नसतं ना?"

आणि मी म्हणालो, "मॅडम, दुपारी राजकोटात कुत्रंसुद्धा हिंडत नाही. जिन्यात कोण तडमडायला येतंय?"

सगळे हसले. जोबनपुत्राभाईंनी टाळी दिली. आणि त्या टाळीसाठी हात पुढे करताना माझ्या डोळ्यांपुढे रळियातबेन आली. डोक्यावर माठ, कमरेवर कळशी, जिना चढताना.

विसरलो असतो तर बरं झालं असतं. माणूस विसरतो, त्याला कोणी फार बोलत नाही. मी विसरलो नव्हतो. मला आठवलं आणि मी मनात म्हणालो, तिला काय, तिला जिना पाठ आहे.

*

अख्ख्या इमारतीत दुपारी जागं असणारं माणूस एकच होतं. मजल्यामजल्यावर दोन दोन माठ, ते ती दुपारीच भरायची. लिफ्टमध्ये पाणी न्यायला बंदी, म्हणून जिन्यानं. मी एकदा म्हणालो होतो, "बेन, सकाळी भरून ठेवा की. या उन्हात कशाला?"

"सकाळचं चारपर्यंत संपतं," ती म्हणाली. "चारला झोपेतून उठून माणूस आधी पाणी मागतो. अडीच तास तरी माठाला निवांत बसू द्यायला हवं, मग पाणी लागतं गार. कोमट पाणी पाजायचं तर पाजायचंच कशाला?"

नळ माझ्या खोलीला लागून होता. त्यामुळे भरायला सुरुवात करण्याआधी ती आदल्या रात्रीच्या माठातला एक लोटा माझ्या खाटेशी ठेवायची. इमारतीतलं पहिलं गार पाणी बावीस वर्षं मी प्यायलोय. साहेबांना दुसरं. डोक्यावरची चुंबळ तिनं स्वतः मोत्यांनी मढवलेली होती, निळ्या आणि पांढऱ्या. मी चिडवायचो, "बेन, माठाला गादी आणि मनहरला उघडी खाट?" ती म्हणायची, "माठ काम करतो रे."

घड्याळ बसवलं तो मे महिन्यातला मंगळवार होता; ते त्याच दिवशी सुरू केलंय हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. जाळी बुजवून आठवडाच झाला होता. सकाळी तिला सांगायचं माझ्या मनात होतं. दोनदा ती समोरून गेली. पण सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग मी पाणी कसं भरू? आणि मला मॅडमकडे जाऊन म्हणावं लागलं असतं की माझी युक्ती फसली. म्हटलं, उद्या बघू. एक दिवस आकडा तर बघू.

सव्वाला तिनं लोटा ठेवला. "आज झोपायचं नाही का?"

"काम आहे जरा," मी म्हणालो.

ती माठ घेऊन वर गेली. मी तिला जाताना पाहिलं. दीडला मिनिटभर उरलं होतं. मी घड्याळापुढे उभा राहिलो, पोरगं पहिल्यांदा चालतं तेव्हा बाप उभा राहतो तसा. काटा सरकला. खटका पडला. बाहेर जिना काळा झाला. मनात मी बरोबर चार आकडे मोजले असतील, आणि माठ फुटला.

पुढचं मला कोणी विचारलं नाही, पण मी रोज स्वतःला विचारतो. मी आधी काय केलं? दाराकडे धावलो नाही. वळलो, बोर्डावरचा हाताचा खटका वर केला, जिन्यात दिवे लागल्याचं पाहिलं आणि मग धावलो. पडलेल्या माणसाला उचलायला उजेड नको का? हवाच. पण माझा हात तिला उचलण्यासाठी वर गेला नव्हता.

पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे ती पडली होती. उजवा हात अंगाखाली. कपाळ खरचटलेलं. पायऱ्यांवरून पाणी खाली वाहत होतं आणि पाण्याबरोबर निळे-पांढरे मोती टपटपत येत होते. तिनं डोळे उघडले, वर दिव्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "मनहर, डोळ्यांपुढे अंधारी आली रे. एकदम सगळं काळं झालं."

तोवर वरून झोपेतली माणसं धावत आली होती. सगळ्यांनी ते वाक्य ऐकलं. सगळ्यांनी दिवे चालू पाहिले.

मी म्हणालो, "होय बेन. ऊन फार आहे ना."

*

चौकशी झाली, चौकशी म्हणजे अर्ध्या पानाचा कागद. लोक धावत आले तेव्हा जिन्यात दिवे चालू होते. कामगार बाईंच्या स्वतःच्या सांगण्यानुसार त्यांना अंधारी आली. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे. त्या कागदात खोटं एक अक्षर नाही. रळियातबेनचा अंगठा डावा आहे, कारण उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. एरवी ती सही करते.

रोजंदारीवरची बाई. दृष्टीचा भरवसा नाही म्हणून तिला घरी बसवलं. माठ गेले, मजल्यामजल्यावर स्टीलची थंड पाण्याची यंत्रं आली.

त्याच संध्याकाळी मी जिन्याची तार घड्याळातून काढून टाकली. कोणाला सांगितलं नाही. बाकीचं सगळं दीड ते साडेतीन बंद राहू दिलं. महिन्याच्या शेवटी आकडा आला: तीसच्या वर. जिना सोडूनसुद्धा तीसच्या वर. म्हणजे त्या जिन्याची गरजच नव्हती. त्या दिवशी मी पहिल्यांदा या खोलीचं दार आतून लावून रडलो. बाहेर ढोल वाजत होता आणि जोबनपुत्राभाई माझ्या नावानं ओरडत होते.

गांधीनगरला मॅडमनी स्टेजवर माझं नाव घेतलं. शाल मिळाली. बक्षिसाची दगडी पाटी जिन्याच्या पहिल्या पायरीशी बसवलीय, रोज तिची नजर चुकवून मी वर जातो. मॅडमची वडोदऱ्याला बदली झाली, जाताना म्हणाल्या, "मनहरभाई, तुमच्यासारखा माणूस प्रत्येक इमारतीत हवा." त्या बाईचा यात काडीचा दोष नाही. त्यांनी विचारलं होतं.

बक्षिसाचे पेढे मी साऱ्या इमारतीत वाटले. एक डबा रळियातबेनकडेही पाठवला. तिनं भरतकडून निरोप दिला होता, माझ्या भावाचं नाव झालं, मला फार आनंद वाटला.

आज मोती भरून आला तो तोच डबा.

*

मी डबा कॅरियरला बांधला आणि सायकल काढली. दोन वाजले होते. ही वेळ मी मुद्दाम धरली, हेही सांगून टाकतो. चार महिन्यांनी मी निवृत्त होतोय. रस्त्यात कोणी भेटलं असतं, कुठे निघालास म्हणालं असतं, तर मी तिथूनच परत फिरलो असतो. पण रस्त्यावर एक माणूस नव्हतं. दुकानांची शटरं ओढलेली, हातगाडीखाली कुत्री. कुत्रंसुद्धा हिंडत नव्हतं.

भक्तिनगरच्या मागे त्यांचं घर आहे. रळियातबेन ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. तिनं पाय आखडून घेतले होते, ओट्याची कड जवळ असल्यासारखे. कड चार हात लांब होती.

"कोण? मनहर? या उन्हात?"

"झोपला नाहीत बेन?"

"नाही झोपत मी. डोळे मिटले की भीती वाटते, उघडल्यावर उजेड असेल की नसेल." ती हसली. "ये, बस. पाणी देते."

"राहू द्या हो."

"राहू द्या काय? आल्या माणसाला पाणी नको?" ती भिंतीला हात लावत उठली. दाराशीच माठ होता. भिंत, दाराची चौकट, माठाची तिवई, झाकण असं एकेक चाचपत तिनं पेला भरला आणि दोन्ही हातांनी धरून आणला. जी बाई डोक्यावर माठ घेऊन सहा मजले पायाखाली न बघता चढायची, ती एक पेला दोन्ही हातांनी धरून आणत होती. मी तो घेतला आणि माझ्या बाजूला, उन्हाच्या पट्ट्यात ठेवला. 

"डबा परत आणलाय, बेन."

"का? सुनेला आवडला नाही?"

"तुमचे डोळे चांगले आहेत."

"भरतनं पढवून पाठवलेला दिसतोय."

"त्या दिवशी तुम्हाला अंधारी आली नाही. जिन्यातले दिवे गेले होते. मी घालवले होते."

आत भरतची बायको जसू घोरत होती, तिचा आवाज येत होता.

"दिवे गेले होते?" रळियातबेन हळू म्हणाली. "पण मी डोळे उघडले तेव्हा..."

"तुम्ही पडल्यावर मी लावले. घड्याळ बसवलं होतं. दीडला बंद, साडेतीनला चालू. तो पहिलाच दिवस होता. तुम्हाला सांगितलं नव्हतं."

"विसरलास?"

तिनं दार उघडून दिलं होतं. मी नुसतं हो म्हणायचं होतं. सायकलवरून येताना अर्ध्या वाटेत मी तेच ठरवलंही होतं.

"नाही," मी म्हणालो. "मॅडमनी विचारलं, जिन्यात कोणी असतं का. तेव्हा तुम्हीच डोळ्यांसमोर आलात. मी म्हणालो, कोणी नसतं. मला वाटलं, तुम्हाला जिना पाठ आहे."

"होता पाठ," ती म्हणाली.

मग तिनं अंगणातल्या लिंबाच्या झाडाकडे तोंड वळवलं. मी मान खाली घातली होती. तिच्या पायाच्या अंगठ्याची हालचाल दिसत होती.

"एक सांग. माठ फुटल्याचा आवाज तुला आला असेल. तू आधी दिवा लावलास, की आधी माझ्याकडे निघालास?"

"आधी दिवा."

"मला उचलायला उजेड हवा म्हणून?"

दुसऱ्यांदा दार उघडलं तिनं. अशी बाई होती ती.

"त्यासाठी लावला असता, तर मी नंतर बोललो असतो, बेन."

तिनं पदर तोंडाला लावला. रडत नव्हती. पदर काढला तेव्हा तिचा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता.

"हेतलच्या लग्नात वरात आली, तेव्हा साऱ्या बाया जावयाला बघायला धावल्या. मी आतल्या खोलीत खुर्चीवर. तीन पायऱ्या होत्या मांडवाला. पोरगी सासरी निघाली तेव्हा गाडीपर्यंत गेले नाही. वळून वळून बघत होती म्हणे माझ्याकडे. म्हणे! मला काय माहीत, मी डोळे घट्ट मिटून बसले होते. म्हटलं, आत्ता काळोख झाला तर पोरीच्या लग्नात अपशकुन नको." तिनं श्वास घेतला. "दोन वर्षं, मनहर. माझे डोळे होते रे माझ्यापाशी."

"मी साहेबांना लिहून देतो. सगळं. तुमचं काम, तुमची..."

"ते तुझं तू बघ. कागदातलं मला काय कळतंय? अंगठा घेतलात तेव्हा तरी कुठं कळलं होतं?"

तिनं डबा ओढला. झाकण काढलं. तोरण मांडीवर घेतलं, लोंबणारी सुई उचलली. जुना दोरा कुजला होता, हात लावताच तुटला. तिनं नवा दोरा घेतला, टोक ओठांत ओलं केलं, सुई उन्हाकडे धरली. उजवं मनगट वाकडं जुळलंय तिचं, ते मला तेव्हाच दिसलं. दोरा पहिल्याच खेपेला आत गेला.

ती सुईकडे बघत राहिली. मग सुई तोरणात टोचून उठली आणि ओट्याच्या कडेशी गेली. भिंतीला हात नव्हता.

आतून जसू धडपडत आली. "बा! अहो बा, पायरी आहे तिथं!"

"दिसतेय मला."

ती एक पायरी उतरली, मग दुसरी. अंगणात अनवाणी उभी राहिली. तापलेली जमीन, पण पाय उचलला नाही तिनं. लिंबाकडे पाहिलं, गल्लीच्या टोकापर्यंत पाहिलं, वर आभाळाकडे पाहिलं. जसूनं तोंडावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघू लागली. मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

रळियातबेन वर आली, बसली आणि पाचवं पान भरायला लागली. मला जा म्हणाली नाही. बस म्हणाली नाही. निळा मोती, पांढरा मोती, निळा. माझ्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. हे तोरण आता कोणाच्या दारावर लागणार, ते विचारायची माझी छाती नव्हती.

साडेतीनला कुठे तरी पहिलं दुकान उघडल्याचा आवाज आला. मग दुसरं. गल्लीतून एक स्कूटर गेली. राजकोट उठत होतं. पाचवं पान पुरं झालं. तिनं दातांनी दोरा तोडला.

"तुझं पाणी तसंच राहिलंय," ती म्हणाली.

मी पेल्याकडे पाहिलं. दीड तास तो उन्हात होता. जसू म्हणाली, "थांबा काका, ते तापलं असेल, दुसरं आणते," आणि आत वळली.

"राहू दे, जसू," रळियातबेन म्हणाली. तिनं फ्लॅनेलमधून दुसरी सुई काढली होती आणि ती ओवत होती. "तेच पिईल तो."

पेल्याचा काठ ओठांना चटका देत होता. मी एका दमात सगळं पाणी प्यायलो, पेला ओट्यावर उपडा ठेवला आणि सायकल घेऊन निघालो.